वर्ल्ड सिरीज कोणाची?

मित्रहो, वर्ल्ड सिरीजचा इतिहास सांगायला बसलं की बहुतेक वक्ते विक्रमांपासून सुरुवात करतात. न्यूयॉर्क यँकीजनी ती २७ वेळा जिंकली. शिकागो कब्जना एका विजेतेपदासाठी १०८ वर्षं वाट पाहावी लागली. १९५६ मध्ये डॉन लार्सननं अख्ख्या सामन्यात एकाही बॅटरला पहिल्या बेसवर पाय टेकू दिला नाही. हे सगळं रोमांचक आहेच, आणि ज्याला हा खेळ आवडतो त्याला ते तोंडपाठ असतं. मला आज वेगळ्या वाटेनं जायचं आहे.

१९०३ मध्ये ही मालिका सुरू झाली. तेव्हापासून ती फक्त दोनदा झाली नाही: १९०४ मध्ये आणि १९९४ मध्ये. दोन महायुद्धांत ती झाली. १९८९ मध्ये तिसऱ्या सामन्याआधी सॅन फ्रान्सिस्कोचं स्टेडियम भूकंपानं हादरलं. दहा दिवस थांबून ती पुन्हा सुरू झाली. कोविडच्या वर्षीही झाली. युद्धानं, भूकंपानं, साथीनं जी थांबली नाही ती दोन्ही वेळा अडली मालकांच्या कार्यालयात. म्हणून या मालिकेचा इतिहास मला मैदानाइतकाच करारपत्रांत वाचावासा वाटतो. संघ ज्यांच्या मालकीचे ते आणि प्रत्यक्ष खेळणारे, यांच्यातला सव्वाशे वर्षांचा झगडा तिथे दिसतो, आणि तो समजल्याशिवाय मैदानावरच्या कित्येक गोष्टींचा उलगडाच होत नाही.

ज्यांनी बेसबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन-चार वाक्यं. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मोठ्या लीग आहेत, १८७६ ची नॅशनल लीग आणि १९०१ मध्ये मोठ्या दर्जाचा दावा करत उतरलेली अमेरिकन लीग. दोन्हींचे विजेते ऑक्टोबरमध्ये समोरासमोर येतात आणि सातपैकी चार सामने आधी जिंकणारा संघ अजिंक्य ठरतो. चेंडू टाकतो तो पिचर; बॅटरनं चार बेसची फेरी पूर्ण केली की एक धाव, आणि एकाच फटक्यावर फेरी पूर्ण झाली की होम रन. एवढं पुरे.

आता त्या करारपत्राकडे वळू. १८७९ पासून नॅशनल लीगच्या मालकांनी ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाची तरतूद आणली. खेळाडूचा करार एका वर्षाचा. पण वर्ष संपलं की तो आणखी एका वर्षासाठी वाढवायचा हक्क मालकाचा. त्या वाढवलेल्या करारातही तेच कलम. म्हणजे करार कधी संपतच नसे. आयपीएलमध्ये मुदत संपलेला खेळाडू लिलावात उतरतो आणि त्याची किंमत नव्यानं ठरते, हे आपण पाहतो. इथे खेळाडू विकला जायचा, बदली म्हणून दिला जायचा, काढून टाकला जायचा, पण त्याला स्वतःहून दुसरीकडे जाता येत नसे. पटत नसेल तर खेळ सोडून घरी बसायचं.

१९०१ मध्ये बॅन जॉन्सन या जिद्दी माणसानं अमेरिकन लीग मोठी करायची ठरवली तेव्हा त्यानं नेमकं हेच कलम धुडकावलं. नॅशनल लीगमध्ये पगाराला २४०० डॉलरची कमाल मर्यादा होती. जॉन्सनच्या मालकांनी त्याहून जास्त देऊ केले आणि खेळाडूंची रांग लागली. महान पिचर साय यंग सेंट लुईस सोडून बोस्टनला गेला तो तेव्हाच. दोन वर्षं खेळाडूंना खरा बाजारभाव मिळाला. मग १९०३ च्या जानेवारीत दोन्ही लीगच्या मालकांनी तह केला: एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत. भाव पुन्हा खाली आले. वर्ल्ड सिरीज या तहातून जन्मली हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांना जो उत्सव मिळाला, त्याची पायाभरणी खेळाडूंचे पर्याय बंद करून झाली होती.

पहिली मालिका मात्र कोणत्याही लीगनं भरवलेली नव्हती. पिट्सबर्ग पायरेट्सचा मालक बार्नी ड्रायफस आणि बोस्टन अमेरिकन्सचा मालक हेन्री किलिली या दोघांनी आपसात ठरवून ती खेळवली. ड्रायफस हा जर्मनीतून आलेला स्थलांतरित. केंटकीमधल्या नातेवाइकांच्या दारूच्या कारखान्यात कारकुनी करून तो वर आला होता. नऊ सामन्यांपैकी पाच जिंकेल तो श्रेष्ठ, असं ठरलं. आणि लगेच गाडी अडली. बोस्टनच्या खेळाडूंचे करार सप्टेंबरअखेर संपत होते, मालिका ऑक्टोबरमध्ये होती. खेळाडू म्हणाले, प्रेक्षक आम्हाला बघायला येणार, मग तिकिटाच्या पैशात आमचा वाटा किती? ताणाताणी इतकी झाली की सामने रद्द व्हायची वेळ आली होती. शेवटी वाटा ठरला तेव्हा खेळ सुरू झाला. पहिला चेंडू पडायच्या आधी पहिलं भांडण झालं, आणि ते पैशावरून झालं.

१ ऑक्टोबर १९०३, बोस्टनचं हंटिंग्टन अव्हेन्यू मैदान. आज त्या जागी नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आहे. गर्दी इतकी की लोक मैदानात घुसले होते. आउटफिल्डमध्ये दोर बांधून त्यांना मागे रोखलं होतं. मालिकेत चेंडू गर्दीत गेला की तीन बेस द्यायचे असा नियमच करावा लागला. पहिल्या सामन्यात पिट्सबर्गच्या डीकन फिलिपीनं साय यंगला हरवलं, आणि त्यांच्याच जिमी सेब्रिंगनं मालिकेतला पहिला होम रन मारला. पण पिट्सबर्गचे बाकीचे पिचर दुखापतींनी आणि आजारपणानं बाद झालेले होते. फिलिपी एकटा किती खेचणार? तेरा दिवसांत त्यानं पाच पूर्ण सामने टाकले. आजच्या पिचरला असं सांगितलं तर त्याचा डॉक्टर मध्ये पडेल. बोस्टनचे ‘रॉयल रूटर्स’ नावाचे चाहते पिट्सबर्गलाही पोचले, आणि होनस वॅगनर बॅटिंगला आला की ‘टेसी’ या गाण्याचे शब्द बदलून त्याची टर उडवू लागले. त्या काळचा सर्वश्रेष्ठ बॅटर, पण मालिकेत त्याची सरासरी जेमतेम .२२२ राहिली, म्हणजे दहा प्रयत्नांत दोनच्या आसपास हिट. १३ ऑक्टोबरला बिल डिनीननं पिट्सबर्गला एकही धाव न देता आठवा सामना जिंकला. बोस्टन ५, पिट्सबर्ग ३.

आणि आता हिशेब. ड्रायफसनं आपला मालकाचा वाटाही खेळाडूंच्या रकमेत टाकला. त्यामुळे हरलेल्या पिट्सबर्गच्या प्रत्येक खेळाडूला सुमारे १३१६ डॉलर मिळाले आणि जिंकलेल्या बोस्टनच्या खेळाडूला सुमारे ११८२. सगळ्या इतिहासात असं दुसऱ्यांदा घडलं नाही. ड्रायफसबद्दल माझ्या मनात आदर आहे तो या एका कृतीसाठी. पण कायद्यानं, हक्कानं मिळालेला पैसा वेगळा आणि मालक दिलदार निघाला म्हणून मिळालेला वेगळा. पुढची सत्तर वर्षं खेळाडूंना बहुतेक वेळा दिलदार मालक भेटले नाहीत.

१९०४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स नॅशनल लीगमध्ये पहिले आले. त्यांचे मालक जॉन ब्रश आणि मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारे मुख्य प्रशिक्षक, जॉन मॅग्रॉ यांचं बॅन जॉन्सनशी जुनं वैर. ते म्हणाले, कमी दर्जाच्या लीगच्या विजेत्याशी आम्ही खेळणार नाही. झालं. मालिका नाही. वर्तमानपत्रं तुटून पडली, तेव्हा याच ब्रशनं पुढल्या वर्षीसाठी नियम लिहून दिले, आणि त्यातले बरेच आजही चालतात. त्यातला एक फार हुशारीचा आहे: खेळाडूंना वाटा मिळेल तो पहिल्या चार सामन्यांच्या उत्पन्नातूनच. मालिका लांबवून जास्त पैसे मिळवायचा मोह कोणाला होऊ नये म्हणून. खेळाडूंवर मालकांचा किती विश्वास होता ते या नियमातून कळतं. १९०५ ला जायंट्सच्या ख्रिस्ती मॅथ्यूसननं सहा दिवसांत तीन सामने टाकले आणि तिन्हींत समोरच्यांना शून्यावर ठेवलं. सत्तावीस इनिंग्ज, एकही धाव नाही. मला विचाराल तर पिचिंगचा याहून मोठा पराक्रम या मालिकेनं पाहिलेला नाही.

आता १९१८ कडे चला. ही मालिका मला विशेष बोलकी वाटते. पहिलं महायुद्ध सुरू होतं. ‘काम करा नाहीतर लढा’ असा सरकारी आदेश, त्यामुळे मोसम सप्टेंबरच्या सुरुवातीलाच गुंडाळला आणि बोस्टन रेड सॉक्स विरुद्ध शिकागो कब्ज ही मालिका सप्टेंबरमध्ये झाली. पहिल्या सामन्यात सातव्या इनिंगच्या विश्रांतीत बँडनं ‘स्टार-स्पँगल्ड बॅनर’ वाजवलं, लोक उभे राहून गाऊ लागले. खेळापूर्वी राष्ट्रगीत ही अमेरिकी प्रथा रुजायला तिथून मोठा हातभार लागला. ही गोष्ट सगळे सांगतात. पाचव्या सामन्याची गोष्ट कमी सांगितली जाते. त्या वर्षी तिकिटं स्वस्त केली होती, गर्दी कमी होती, आणि खेळाडूंच्या रकमेतून आता दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाच्या संघांनाही वाटा द्यायचं वरून ठरलं होतं. दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकत्र येऊन फेनवे पार्कमध्ये मैदानात उतरायला नकार दिला. प्रतिस्पर्धी संघांनी हातात हात घालून केलेला हा संप म्हणायला हरकत नाही. स्टँडमध्ये युद्धात जखमी झालेले सैनिक बसलेले. बॅन जॉन्सन दारूच्या अमलात होता आणि रेड सॉक्सच्या हॅरी हूपरच्या गळ्यात पडून ‘देशासाठी खेळा’ म्हणून विनवत होता. खेळाडूंना कळलं की अशा माणसाशी बोलणी होऊ शकत नाहीत. तासभर उशिरा ते उतरले, सैनिकांसाठी उतरले. मालिका रेड सॉक्सनी जिंकली. विजेत्यांना मिळायची ती मानचिन्हं मात्र त्यांना शिक्षा म्हणून नाकारण्यात आली. ती दिली गेली १९९३ मध्ये, त्यांच्यातलं कोणी हयात नसताना.

बरोबर एक वर्षानं १९१९ ची मालिका आली. शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स. नऊ सामन्यांची. व्हाइट सॉक्स जबरदस्त संघ होता, पण त्यातल्या काहींनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन मालिका हरायचं ठरवलं होतं. पहिल्या सामन्यात एडी सिकॉटनं पहिल्याच बॅटरच्या, मॉरी रॅथच्या, अंगावर चेंडू मारला. ती खूण होती: सौदा पक्का. आदल्या रात्री सिकॉटच्या उशीखाली दहा हजार डॉलर होते, असं त्यानं नंतर स्वतः कबूल केलं. लेफ्टी विल्यम्स तीन सामने हरला. आठ खेळाडू गुंतले होते, आणि तरीही त्याच संघातला छोट्या चणीचा डिकी कर, ज्याला कटाची कल्पना नव्हती, त्यानं आपले दोन्ही सामने जिंकून दाखवले. आपलेच सोबती हरण्यासाठी खेळताहेत आणि हा जिवाच्या आकांतानं पिचिंग करतोय. त्या माणसाची आठवण कोणी फारशी काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

या प्रकरणाची लोकप्रिय कथा अशी की मालक चार्ल्स कॉमिस्की महाकंजूष होता, त्यानं खेळाडूंना पिळलं म्हणून ते विकले गेले. ही कथा मी जशीच्या तशी स्वीकारत नाही. नंतर उजेडात आलेल्या करारांच्या नोंदी सांगतात की व्हाइट सॉक्सचा एकूण पगार त्या काळच्या इतर संघांच्या तुलनेत वरच्या रांगेतला होता. मग कारण काय? माझ्या मते एका मालकाच्या कंजूषपणापेक्षा त्या रिझर्व्ह क्लॉजचा हात मोठा. आपल्या खेळाची किंमत आपण ठरवू शकत नाही, हे ज्याला दररोज जाणवतं, त्याच्यासमोर सट्टेबाजानं पैसे ठेवले की ती किंमत ठरवणारा पहिला माणूस त्याला सट्टेबाजच वाटतो. याचा अर्थ त्यांचा गुन्हा लहान होतो असा नाही. डिकी करच्या करारातही तेच कलम होतं.

२ ऑगस्ट १९२१ ला शिकागोच्या ज्युरीनं सर्वांना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे कमिशनर (सर्वोच्च कारभारी), न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना आयुष्यभरासाठी बाहेर काढलं. ज्युरी काहीही म्हणो, सामना विकणारा आणि विकण्याची बोलणी ऐकून गप्प बसणारा, दोघांनाही इथे जागा नाही, असा त्यांचा निर्णय. बक वीव्हरनं पैसे घेतले नव्हते, मालिकेत त्याची सरासरी .३२४ होती, तो बोलला नाही एवढ्यासाठी गेला. शूलेस जो जॅक्सननं बारा हिट मारले, पाच हजार डॉलरही घेतले. २०२५ च्या मे महिन्यात कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी मृत व्यक्तींवरची बंदी उठवली, तेव्हा या मंडळींची नावं काळ्या यादीतून निघाली. जॅक्सनला जाऊन तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षं होत आली होती.

कठोर शिक्षेनं मालिकेची इभ्रत वाचली हे मान्य करायला हवं. पण लँडिस यांना आणलं मालकांनी, नेमलं मालकांनी. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही असं सांगून मक्तेदारीविरोधी कायद्यातून त्याला बाहेर ठेवलं, आणि रिझर्व्ह क्लॉज आणखी पन्नास वर्षं सुरक्षित झाला.

आतापर्यंत ज्यांच्याबद्दल बोललो ते सगळे गोरे. काळ्या खेळाडूंना करारातलं जाचक कलमसुद्धा वाट्याला येत नव्हतं, कारण दारच बंद होतं. १९२० मध्ये रूब फॉस्टर या खेळाडू-मॅनेजर-मालक अशा तिहेरी माणसानं कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग उभी केली. १९२४ मध्ये त्या लीगचे विजेते कॅन्सस सिटी मोनार्क्स आणि पूर्वेकडच्या लीगचे विजेते हिलडेल यांच्यात पहिली कलर्ड वर्ल्ड सिरीज झाली. सामने फक्त दोन शहरांत नव्हेत, तर फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, कॅन्सस सिटी आणि शिकागो अशा चार शहरांत, जेणेकरून जास्तीत जास्त लोकांना पाहता यावेत. दहा सामने झाले, एक बरोबरीत सुटला. आठव्या सामन्यात हिलडेलचा वयस्क कॅचर लुई सँटॉप याच्या हातून एक सोपा झेल सुटला, आणि जीवदान मिळालेल्या फ्रँक डंकननं लगेच सामना जिंकून देणारा फटका मारला. सँटॉप हा एका पिढीचा नायक होता. त्या एका झेलाची सावली त्याच्या नावावर कायमची पडली. निर्णायक सामन्यात मोनार्क्सचा क्युबन मॅनेजर होसे मेंडेस स्वतः पिचिंगला उतरला. खांद्याच्या दुखण्यानं त्याची जुनी धार गेलेली होती. तरी त्यानं हिलडेलला शून्यावर ठेवलं, ५–०. मॅथ्यूसनच्या शेजारी हे नाव ठेवायला हवं असं मी मनापासून मानतो.

ती मालिका १९२७ पर्यंत आणि पुन्हा १९४२ ते १९४८ अशी चालली. शेवटच्या १९४८ च्या मालिकेत होमस्टेड ग्रेजसमोर बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून एक सतरा वर्षांचा पोरगा खेळत होता, विली मेज. २०२० मध्ये मेजर लीगनं या लीगना ‘मोठ्या लीग’ म्हणून मान्यता दिली. ज्यांनी खेळून दाखवलं त्यांतले फार थोडे तेव्हा उरले होते.

ब्रूकलिन डॉजर्सचा कारभारी ब्रँच रिकी यानं १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनला, म्हणजे काळ्यांसाठी मोठ्या लीगचं ते बंद दार उघडणाऱ्या खेळाडूला, करारबद्ध केलं, ते कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून. त्याबद्दल मोनार्क्सला त्यानं एक डॉलरही दिला नाही. गोऱ्या मालकाचा खेळाडू असता तर रिझर्व्ह क्लॉजची तलवार उपसली गेली असती. काळ्या लीगच्या कराराला करारच मानलं गेलं नाही. रिकीचं धाडस मोठंच होतं, त्याचं श्रेय मी कमी करत नाही. पण ही दुसरी बाजूही त्याच माणसाची आहे.

१९४७ च्या मालिकेत रॉबिन्सन उतरला तेव्हा यँकी स्टेडियमवर त्र्याहत्तर हजारांच्या वर प्रेक्षक होते, आणि दूरचित्रवाणीवर दाखवली गेलेली ही पहिली वर्ल्ड सिरीज. यँकीज सातव्या सामन्यात जिंकले. पुढे १९४९, १९५२, १९५३, प्रत्येक वेळी ब्रूकलिन यँकीजकडूनच हरलं. ‘पुढल्या वर्षी बघू’ ही तिथल्या लोकांची म्हणच झाली. १९५५ मध्ये रॉबिन्सन छत्तीस वर्षांचा होता. पहिल्याच सामन्यात तो तिसऱ्या बेसवरून धावत सुटला आणि थेट ‘होम’ चोरलं, म्हणजे फटक्याची वाट न पाहता शेवटच्या बेसवर पोचून धाव घेतली. कॅचर योगी बेरा तो बाद होता असं आयुष्यभर म्हणत राहिला. सातव्या सामन्यात सँडी अमोरोसनं डावीकडच्या रेषेपाशी पळत जाऊन घेतलेल्या झेलानं आणि जॉनी पॉड्रेसच्या पिचिंगनं ब्रूकलिन अखेर जिंकलं. त्या शेवटच्या सामन्यात रॉबिन्सन मात्र संघात नव्हता.

दोन वर्षांनी मालकानं डॉजर्स उचलून लॉस एंजेलिसला नेले. शहराला विचारलं नाही.

१५ ऑक्टोबर १९७२ ला सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्याआधी रॉबिन्सनचा सत्कार झाला. मधुमेहानं दृष्टी जवळजवळ गेलेली, केस पांढरेशुभ्र. त्यानं आभार मानले आणि सगळ्या देशासमोर सांगितलं की तिसऱ्या बेसपाशी उभा असलेला काळा मॅनेजर दिसेल तेव्हा मला जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी तो वारला. १९७५ मध्ये फ्रँक रॉबिन्सन क्लीव्हलँडचा मॅनेजर झाला.

याच जॅकी रॉबिन्सननं १९७० मध्ये न्यायालयात एका खेळाडूच्या बाजूनं साक्ष दिली होती. त्या खेळाडूचं नाव कर्ट फ्लड. सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटरफिल्डर. १९६४, १९६७, १९६८ अशा तीन वर्ल्ड सिरीज खेळलेला, पहिल्या दोन जिंकलेला. १९६८ च्या सातव्या सामन्यात डेट्रॉइटच्या जिम नॉर्थरपच्या उंच फटक्याचा अंदाज चुकून तो आधी पुढे धावला, आणि तिथे सामना फिरला. क्षेत्ररक्षणासाठीचे सात गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवलेल्या माणसाच्या हातून असं घडलं. पुढल्या वर्षी मोसम संपताच त्याला कळवण्यात आलं की तुला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं आहे. बारा वर्षं एका शहरात काढलेली. २४ डिसेंबर १९६९ ला त्यानं कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं: माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मालमत्ता मी नाही.

वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळवणारा माणूस गुलामीची भाषा करतो म्हणून लोक चिडले. खटल्याच्या वेळी त्याच्या बाजूनं कोर्टात बसायला खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. प्रत्येकाला आपल्या कराराची भीती. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन असा त्याच्या विरुद्ध निकाल दिला. फ्लडची कारकीर्द संपली. पण पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेला मार्विन मिलर १९६६ पासून खेळाडूंच्या संघटनेचं काम पाहत होता, आणि त्यानं तोवर मालकांकडून एक गोष्ट मिळवली होती: तक्रार झाली तर निवाडा त्रयस्थ लवाद करेल.

तो काळ ओकलंड अॅथलेटिक्सचा. १९७२, ७३, ७४ अशा सलग तीन वर्ल्ड सिरीज त्यांनी जिंकल्या. मालक चार्ली फिनली. १९७३ च्या दुसऱ्या सामन्यात बाराव्या इनिंगमध्ये माइक अँड्र्यूज या राखीव खेळाडूकडून लागोपाठ दोन चुका झाल्या आणि न्यूयॉर्क मेट्स जिंकले. फिनलीनं त्याच दिवशी अँड्र्यूजकडून खांदा दुखावल्याच्या खोट्या वैद्यकीय कागदावर सही घेतली आणि त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सरावाला त्याचे सहकारी बाहीवर चिकटपट्टीचा १७ आकडा लावून आले. १७ हा अँड्र्यूजचा क्रमांक. कमिशनरनी त्याला परत घ्यायला लावलं. चौथ्या सामन्यात तो बॅटिंगला आला तेव्हा शे स्टेडियममधले मेट्सचे, म्हणजे विरुद्ध पक्षाचे, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो साध्या ग्राउंडरवर बाद झाला, आणि अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये त्याला नंतर पुन्हा कधी खेळायला मिळालं नाही. वर्ल्ड सिरीजमधला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग कोणता असं कोणी विचारलं तर मी हा सांगतो. मालिका जिंकल्यावर मॅनेजर डिक विल्यम्सनं राजीनामा दिला.

त्याच फिनलीनं १९७४ मध्ये आपल्या मुख्य पिचरच्या, कॅटफिश हंटरच्या, करारातली विम्याची रक्कम भरली नाही. लवाद पीटर साइट्झ यांनी करारभंग ठरवून हंटरला मोकळं केलं, आणि यँकीजनी त्याला तीस लाख डॉलरहून अधिक दिले. मोकळ्या बाजारात पिचरची किंमत काय असते ते प्रथमच सगळ्यांनी पाहिलं. वर्षभरात अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली सही न करता एक मोसम काढून साइट्झसमोर गेले. करारात लिहिलेलं ‘एक वर्ष’ म्हणजे एकच वर्ष, असा निवाडा डिसेंबर १९७५ मध्ये आला. मालकांनी साइट्झना ताबडतोब काढून टाकलं, पण जे लिहिलं ते लिहिलं. हाच मॅकनॅली, वर्ल्ड सिरीजमध्ये ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, मारणारा आजवरचा एकमेव पिचर; ते १९७० मध्ये. या लढाईचा फायदा घ्यायला तो राहिला नाही. त्यानं आधीच खेळ सोडला होता.

ज्यांना वाटत होतं की खेळाडू मोकळे झाले की खेळ बुडेल, त्यांना १९७७ च्या ऑक्टोबरात उत्तर मिळालं. रेगी जॅक्सन स्वतःच्या मर्जीनं यँकीजकडे आला होता. सहाव्या सामन्यात तीन वेगवेगळ्या पिचरांच्या तीन चेंडूंवर तीनदा बॅट फिरवून त्यानं तीन होम रन मारले.

मालकांनी हार मानली नव्हती. १९८५ ते ८७ दरम्यान त्यांनी आपसात ठरवून मोकळ्या खेळाडूंना बोलीच लावली नाही. लवादांनी ते उघड केलं आणि २८ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली. अशा पार्श्वभूमीवर १९९४ मध्ये त्यांनी पगारावर कमाल मर्यादा मागितली. १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले. १४ सप्टेंबरला हंगामी कमिशनर बड सेलिग यांनी वर्ल्ड सिरीज रद्द झाल्याचं जाहीर केलं. सगळ्यात मोठा घाव बसला माँट्रियल एक्स्पोजना. ७४ विजय, ४० पराभव, दोन्ही लीगमध्ये पहिला क्रमांक, लॅरी वॉकर, मोइसेस आलू, तरुण पेड्रो मार्टिनेझ, आणि मॅनेजर फेलिपे आलू. पुढल्या एप्रिलमध्ये पैसे वाचवायला संघ मोडीत निघाला, प्रेक्षक आटले, २००४ चा मोसम त्या शहरातला शेवटचा ठरला. त्याच ऑक्टोबरात पेड्रो मार्टिनेझनं सेंट लुईसमध्ये सात इनिंग्ज शून्यावर टाकून बोस्टनचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवायला मदत केली. वॉशिंग्टनला गेलेला तो संघ २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकला, चारही विजय परक्या मैदानावर. माँट्रियलच्या लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं.

संप मिटवला न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांनी. मालक जुन्या अटी मोडू शकत नाहीत असा मनाई हुकूम ३१ मार्च १९९५ ला सोनिया सोटोमायोर यांनी दिला. त्याच आज सर्वोच्च न्यायालयात आहेत.

लबाडी संपली असं मात्र नाही. २०१७ ला ह्यूस्टन अॅस्ट्रोज कॅमेऱ्यानं कॅचरच्या खुणा टिपून कचऱ्याचा डबा बडवत आपल्या बॅटरला पुढचा चेंडू कळवत होते. २०२० च्या जानेवारीत जनरल मॅनेजर आणि मॅनेजर वर्षभरासाठी निलंबित झाले, ५० लाख डॉलरचा दंड झाला. साक्षीच्या बदल्यात अभय मिळाल्यामुळे एकाही खेळाडूला शिक्षा झाली नाही. १९१९ ला आठ जणांचं आयुष्य गेलं, इथे एक सामनाही नाही. खेळाडूंच्या हक्कांचा मी एवढा पुरस्कर्ता, पण हा निकाल मला पटलेला नाही. बळ मिळालेल्या संघटनेनं आपल्या लोकांकडून जबाबदारीही मागायला हवी होती.

आता पुन्हा तोच प्रश्न दारात आहे. २०२२ मध्ये मालकांनी पुकारलेल्या ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर खेळाडूंशी झालेला करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. शोहेई ओतानीशी ७० कोटी डॉलरचा करार करणाऱ्या डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशा सलग दोन मालिका जिंकल्या. टोरांटोविरुद्धच्या २०२५ च्या मालिकेत तिसरा सामना अठरा इनिंग्ज चालला आणि योशिनोबू यामामोतोनं एकट्यानं तीन सामने जिंकून दिले, त्यातला सातवा आदल्या दिवशी पिचिंग करून पुन्हा उतरून. मालकांतले अनेक म्हणतात, पैसेवाले संघच जिंकतात, म्हणून पगाराला कमाल मर्यादा हवी. मी त्यांना गेल्या पंचवीस मालिकांची यादी वाचायला सांगेन. डॉजर्सच्या आधी सलग दोनदा जिंकणारा शेवटचा संघ म्हणजे १९९८ ते २००० चे यँकीज. २००१ ते २०२५ या काळात, कसलीही कमाल मर्यादा नसताना, सोळा वेगवेगळ्या संघांनी वर्ल्ड सिरीज जिंकली आहे.